धुक्याचे दिवे

आयफेलच्या डोंगरात धुकं ऑक्टोबरात येतं
आणि एप्रिलपर्यंत भाडं न भरता राहतं.
तरी आनेग्रेटनं आज सकाळी
गाडीच्या नाकाखालचे दोन्ही धुक्याचे दिवे उपसले,
जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या हाती दिले.
"धर, मामा. इथून आता वारा जाईल."

मी पाववाला. सदतीस वर्षं भट्टीपुढे उभा होतो.
गाडीतलं मला किल्ली फिरवण्यापुरतं कळतं,
उष्णतेचं मात्र कळतं.

गेल्या रविवारी, चौथ्या फेरीत, गिरणीच्या उतारावर
तिनं पाय दाबला आणि पेडल
मऊ पडलं,
कच्च्या कणकेत बोट रुतावं तसं
खाली, अजून खाली.
तळाशी काय उरलं होतं कोण जाणे,
तेवढ्यावर तिनं वळण काढलं.
हे तिनं मला सांगितलं नाही.
डिस्कच्या कडेला चढलेली निळी झाक बघितली
आणि उकळलेल्या तेलाचा वास आला,
तेव्हा मी समजायचं ते समजलो.
चहा केला. साखर दोनदा पडली.

दुपारभर ती गाडीखाली.
फक्त बूट दिसत होते, टपाल वाटायचे तेच पिवळ्या नाडीचे.
नारिंगी नळी, मनगट आत जाईल एवढी,
आत तारेचं वेटोळं, वाकवली की कुरकुरते.
चाकामागचा पत्रा कातरला
तेव्हा कुंपणापलीकडून गेरिऑन म्हणाला,
"हे नियमात बसत नाही."
तीस वर्षं लोकांच्या गाड्या नापास केलेला माणूस.
आम्ही गप्प.
थोड्या वेळानं तोच आला,
हातात बिस्किटाचा डबा, आत पट्ट्याच पट्ट्या,
मापाप्रमाणे लावलेल्या.

"स्टिअरिंग फिरव. पूर्ण डावीकडे."
नळी टायरला घासली.
पुन्हा सोडली, बोटभर आत घेतली, पुन्हा आवळली.
"उजवीकडे."
घासली.
तिसऱ्या वेळी काहीच आवाज आला नाही
आणि आम्ही तिघंही उगाच थांबून राहिलो,
जणू यायचा राहिलाय.

नळीचं तोंड तिनं डिस्कच्या तोंडावर रोखलं होतं.
मी म्हणालो, असं नको.
गरम पावाच्या एकाच अंगाला वारा लागला
की तो तडकतो.
मधे सोड, पोटात.
आत फटी आहेत ना? मग फिरता फिरता
तीच बाहेर फेकेल सगळं.
गाडीखालून बराच वेळ काही नाही.
मग दोन स्क्रू सैल झाल्याचा आवाज.

सहा वर्षांची असताना
हिनं माझ्या तापल्या ट्रेला हात लावला होता.
मी फुंकर घालत होतो
आणि ही रडत रडत हुकूम सोडत होती:
जोरात. अजून जोरात.

संध्याकाळी कडेवर रंगाचे तीन ठिपके देऊन
ती घाटात गेली. मी शेजारच्या सीटवर,
मांडीवर टॉवेल, टॉवेलात दिवे.
किती वळणं, मोजली नाहीत. डोळे मिटून होतो.
पेडल प्रत्येक वेळी तिथंच होतं, जिथं असायला हवं.
वर थांबून तिनं टॉर्च मारला:
हिरवा पांढरा पडलेला,
नारिंगी कडेनं पिवळसर,
लाल जसाच्या तसा लाल.
ती काही बोलली नाही. चाकाच्या टायरला
गालावर मारतात तशी हलकी चापट मारली.

आणि मग परतीच्या वाटेवर ते आलंच.
दरीतून वर, दुधावर साय धरावी तसं.
समोरचा रस्ता गेला. मग बॉनेट गेलं.
मोठा दिवा लावला तर पांढरी भिंतच उभी राहिली.
तिनं काच खाली केली, डोकं बाहेर काढलं,
मी माझ्या बाजूनं टॉर्च धरला
रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर.
"डावीकडे घे. थोडं. बस."

अकरा किलोमीटर, चालत्या माणसाच्या वेगानं.
ब्रेक एकदाही लागला नाही.
नाकाखालच्या दोन भोकांतून
धुकं आत जात होतं, चाकांपर्यंत,
आणि मांडीवर दिवे,
गार.